मेंदूवर उलटणारी प्रतिपिंडे आणि स्वमग्न मूल

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा शब्द अमरावती-अकोल्याकडील पालकांना आता अपरिचित राहिलेला नाही. मूल नजरेला नजर देत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही, तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा करते, बोलणे उशिरा सुरू होते, ही त्याची ठळक लक्षणे होत. निदान झाले की घरात पहिला प्रश्न उठतो, ‘दोष कोणाचा?’ आणि पुष्कळदा बोट आईकडे वळते. या विकाराशी शरीरातील प्रतिपिंडांचा संबंध असू शकतो, असे सांगणारे संशोधन पुढे येत असताना ते नीट समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे. अर्धवट समजलेल्या शास्त्रातून आईवर नवा आरोप ठेवला जाऊ नये आणि पालकांचे पैसे वाया जाऊ नयेत, ही आमची इच्छा आहे.

प्रतिपिंडे म्हणजे रोगजंतूंना ओळखून त्यांचा प्रतिकार करणारी, रक्तातील प्रथिने. कधीकधी ही व्यवस्था चुकते आणि आपल्याच पेशींना परके समजते. अशा प्रतिपिंडांना स्वप्रतिपिंडे म्हणतात. संधिवाताच्या काही प्रकारांमागे व थायरॉईडच्या काही विकारांमागे ती असतात. घशाच्या जंतुसंसर्गानंतर काही मुलांना संधिज्वर होतो आणि त्यांपैकी काहींचे हातपाय आपोआप झटके देऊ लागतात. तेथे जंतूंविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मेंदूच्या पेशींवर उलटलेली असतात, असे वैद्यकशास्त्र मानते.

स्वमग्नतेतही असे काही घडते का? अमेरिकेच्या युटा राज्यातील संशोधक विजेंद्र सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली काही स्वमग्न मुलांच्या रक्तात मज्जातंतूंवरील आवरणाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आढळल्याचे प्रसिद्ध केले. नंतरच्या अभ्यासांत मात्र सर्वांना तेच निष्कर्ष मिळाले नाहीत. शिवाय एक मूलभूत प्रश्न उरतोच. रक्तात प्रतिपिंड सापडले म्हणजे तेच विकाराचे कारण ठरते, असे नाही. मेंदूतील बदलांमुळेही ते मागाहून निर्माण झालेले असू शकते.

दुसरी दिशा गर्भावस्थेची आहे. आईची प्रतिपिंडे वारेतून गर्भाकडे जातात आणि जन्मानंतर काही महिने बाळाचे रक्षण करतात. ही निसर्गाची देणगीच होय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील ज्युडी व्हॅन डी वॉटर यांच्या गटाने २०१३ साली असे दाखवले की, अभ्यासातील स्वमग्न मुलांच्या सुमारे २३ टक्के मातांच्या रक्तात गर्भाच्या मेंदूतील विशिष्ट प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडांचे ठरावीक गट होते. इतर मुलांच्या मातांमध्ये हे प्रमाण सुमारे १ टक्का होते. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, त्याच अभ्यासातील तीन-चतुर्थांशांहून अधिक मातांमध्ये ती आढळली नाहीत. दुसरी, कोणतीही आई अशी प्रतिपिंडे स्वतःहून निर्माण करीत नाही. तिच्या वागण्याचा, श्रद्धेचा वा मायेचा त्यात काडीचाही संबंध नाही. मातेच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, हा विचार विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांत रूढ होता. त्याने असंख्य मातांना विनाकारण दुःख दिले आणि शेवटी तो निराधार ठरला. त्याची आवृत्ती आपण नव्या शब्दांत काढू नये.

तिसरी दिशा फोलेट या जीवनसत्त्वाची. फोलेट मेंदूत पोहोचवणाऱ्या ग्राहक-प्रथिनाला काही मुलांची प्रतिपिंडे अडवतात, हे २००५ साली रामेकर्स व सहकाऱ्यांनी दाखवले. अशा मुलांना फोलिनिक आम्ल दिल्यास बोलण्यात सुधारणा होते का, याच्या चाचण्या झाल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४८ मुले होती आणि १२ आठवड्यांत भाषिक संवादात सुधारणा नोंदली गेली. आशा वाटावी असे हे निष्कर्ष आहेत, परंतु मुलांची संख्या लहान आहे. त्यातच ही प्रतिपिंडे विकार नसलेल्या भावंडांच्या रक्तातही आढळतात. म्हणून हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घरच्या घरी सुरू करू नये.

एक प्रसंग मात्र तातडीचा आहे. नीट बोलणारे, खेळणारे मूल काही दिवसांत वा आठवड्यांत अचानक बोलणे गमावू लागले, त्यास झटके आले, झोप उडाली, वर्तन विचित्र झाले, तर ती केवळ स्वमग्नता समजू नये. मेंदूतील एका ग्राहक-प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे होणारा मेंदूदाह २००७ साली जोसेप डालमाउ व सहकाऱ्यांनी ओळखला. त्यावर उपचार आहेत आणि ते जितक्या लवकर मिळतील तितका गुण अधिक येतो. अशा मुलास विनाविलंब मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यावे.

इतर पालकांनी काय करावे? प्रतिपिंडांच्या महागड्या तपासण्यांमागे धावू नये, कारण स्वमग्नतेचे निदान आजही मुलाच्या वर्तनाच्या निरीक्षणावरूनच होते. स्टेम सेल उपचाराची शिफारस स्वमग्नतेसाठी करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. लसींमुळे स्वमग्नता होते हा समजही अनेक मोठ्या अभ्यासांनी खोडून काढला आहे. तेव्हा लसीकरण थांबवू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्या व शाळांतून मुलांची तपासणी करतात आणि गरज भासल्यास जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. शंका असल्यास अंगणवाडी सेविकेला किंवा बालरोगतज्ज्ञांना विचारावे. वाचा-उपचार, व्यवसायोपचार आणि घरच्यांनी रोज मुलाशी साधलेला संवाद यांचा आधार आजच मिळू शकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेस मान्यता दिली असल्याने प्रमाणपत्राचाही लाभ घ्यावा.

प्रतिपिंडांच्या संशोधनातून उद्या काही मुलांसाठी औषधाची वाट उघडेलही. तोवर वाचकांना आमची एकच विनंती आहे. शेजारी वा नात्यात असे मूल असेल, तर त्याच्या आईला प्रश्न विचारण्याऐवजी तिचा थोडा भार उचलावा.