शाळेतली सिस्टर (७) : तीनशे आणि तीस

'विस्न'चे (कामाच्या भारावरून किती नर्स लागतील ते काढण्याच्या पद्धतीचे) सूत्र या आठवड्यात सोडवून दाखवतो असे म्हटले होते. ते पुढे ढकलतो. पुण्याच्या सहकारनगरहून एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचे पत्र आले आहे आणि त्यांच्या प्रश्नाला आधी उत्तर द्यायला हवे. त्या विचारतात, एवढा हिशेब कशाला? अमुक मुलांमागे एक नर्स, असे ठरवून टाकले की झाले!

अमेरिकेत तसे ठरवलेले होते : ७५० निरोगी मुलांमागे एक. हा आकडा अनेक वर्षे चालला. आता तिथल्या शालेय परिचारिकांची राष्ट्रीय संघटनाच म्हणते, एवढ्यावर भागत नाही, मुलांच्या गरजा बघून माणसे नेमा. मला हे मनापासून पटते. डोकी मोजली की तपासणीचे काम कळते, तपासणीनंतरचे कळत नाही.

महापालिकेच्या शाळेत रोज बसणारी नर्स आपल्याकडे जवळपास नाहीच. येते ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक : दोन वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता, एक नर्स. फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरला या कार्यक्रमाची सुरुवात झाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी, शाळेत एकदा. उंची-वजन, भिंतीवरचा डोळ्यांचा तक्ता, पापणी खाली ओढून फिकेपणा बघणे, दात, कान, जन्मजात व्यंग. संध्याकाळी सगळे विचारतात एकच : आज किती झाली?

आता समजा, शाळेत ३०० मुले आहेत आणि नर्सची प्रत्येकामागे ५ मिनिटे जातात. झाले २५ तास. त्यातली ३० मुले पुढे पाठवावी लागली आणि प्रत्येकाच्या पाठपुराव्याला पाऊण तास धरला, तर साडेबावीस तास. म्हणजे ३० मुलांनी जवळजवळ ३०० मुलांएवढे काम लावले. शेजारच्या शाळेचा पटही ३००च, पण तिथे ६० मुले निघाली तर पाठपुराव्याचेच ४५ तास. पटावर दोन्ही शाळा सारख्याच दिसतात.

पाऊण तास जास्त वाटत असेल, तर पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत राहणारी एखादी चौथीतली मुलगी डोळ्यांसमोर आणा. तक्त्यातल्या मधल्या ओळीपाशीच ती अडते. चिठ्ठी दिली, पण आई चार घरची धुणीभांडी करते. खाडा केला तर पैसे कापले जातात. फोन लागतो तो वडिलांचा, आणि ते म्हणतात, 'बघू दिवाळीनंतर.' मग पुन्हा फोन. ससून रुग्णालयात कुठल्या दिवशी जायचे, केसपेपर कुठे काढायचा, हे समजावणे. चष्मा मिळाला तरी काम संपत नाही. वर्गात कोणी 'ए ढापणे' म्हटले की तो दप्तराच्या तळाशी जातो. बाईंना विश्वासात घेऊन मुलीला पहिल्या बाकावर बसवले, दोन दिवस लक्ष ठेवले, की मग कुठे तो डोळ्यांवर टिकतो. यातले काहीही 'आज किती झाली?' या प्रश्नाच्या उत्तरात येत नाही.

न्यूयॉर्कने हे १९०२मध्येच अनुभवले होते, आणि ती हकिगत मला फार प्रिय आहे. तिथे डॉक्टर शाळेत येत, खुपऱ्या, उवा, गजकर्ण असलेली मुले हुडकत आणि घरी धाडत. पुढे त्यांचे काय झाले ते कोणी बघत नसे. मुले रस्त्यावर खेळत राहत. घरोघरी शुश्रूषा करणाऱ्या नर्सची संस्था चालवणाऱ्या लिलियन वॉल्ड यांनी आपल्या संस्थेतली लीना रॉजर्स ही नर्स चार शाळांना प्रयोगापुरती दिली. रॉजर्स शाळेत मलमपट्टी करी, मग जिने चढून घरोघरी जाई आणि आयांना औषध कसे लावायचे ते हाताने करून दाखवी. प्रयोग पटला, आणखी नर्स नेमल्या गेल्या. सप्टेंबर १९०२मध्ये १०,५६७ मुले घरी पाठवली गेली होती. पुढच्या सप्टेंबरात १,१०१.

आपल्याकडे शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी बडोद्यात झाली, १९०९ साली, सयाजीरावांच्या राज्यात. म्हणजे तपासणीची परंपरा आपलीही जुनीच. पाठपुराव्याची वेळ मात्र अजून स्वतंत्रपणे मोजायला हवी. मुख्याध्यापिकाबाईंना माझे उत्तर असे : अमुक मुलांमागे एक हा आकडा जरूर ठेवा, पण नोंदवहीत पाठवलेल्या प्रत्येक मुलापुढे तीन तारखा लिहायला लावा. चिठ्ठी दिली ती, मूल रुग्णालयात पोचले ती आणि उपचार सुरू झाला ती. पहिली आणि तिसरी यांच्यात किती फोन, किती फेऱ्या गेल्या, ते शेजारी टिपायचे. वर्षभराने दोन शाळांच्या वह्या शेजारी ठेवल्या की नर्स कुठे जास्त लागते ते दिसेल, आणि पुढच्या आठवड्यात दाखवणार आहे त्या सूत्रात घालायला पाऊण तासाच्या जागी खरा आकडा मिळेल.