जवसाचा तांबेरा : उग्र प्रभेदांची ओळख

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेस गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. याच सुमारास भोवतालच्या धानपट्ट्यात जवसाचे पीक फुलोऱ्यावर किंवा बोंडांवर असते. धान कापणीपूर्वी बांधीतील ओलीवर बी फेकून घेतलेले हे उतेरा पीक अल्पभूधारकास वेगळ्या मशागतीविना तेल आणि थोडी रोकड मिळवून देते. थंड व दमट हवामान लाभल्यास तांबेरा हा बुरशीजन्य रोग नेमका याच अवस्थेत या पिकावर पसरतो.

पानांवर नारिंगी-पिवळे, भुकटीसारखे फोड दिसू लागले की रोग ओळखता येतो. पुढे खोडावर काळसर चट्टे उमटतात. मात्र रोगाचे नाव कळले म्हणजे रोगकारक पूर्णपणे ओळखला असे होत नाही. ‘मेलाम्पसोरा लिनी’ या बुरशीचे अनेक प्रभेद आहेत. डोळ्यांना ते सारखेच दिसतात. परंतु एका प्रभेदास दाद न देणारा वाण दुसऱ्या प्रभेदास बळी पडतो.

याचे कारण अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा येथे एच. एच. फ्लॉर यांनी जवसावरच केलेल्या संशोधनातून १९४० च्या दशकात स्पष्ट झाले. वाणातील प्रत्येक प्रतिकारक्षम जनुकास बुरशीतील एक जनुक अनुरूप असते, असे त्यांनी दाखविले. कुलुप आणि किल्ली यांची उपमा येथे सार्थ ठरेल. बुरशीतील त्या एका जनुकात बदल होताच वाणाचे कुलुप उघडते. या जोडीतील जवसाचे ‘एल-६’ हे जनुक १९९५ मध्ये वेगळे करण्यात आले. बुरशीतील त्याचे अनुरूप जनुक २००४ मध्ये उजेडात आले.

प्रभेद ओळखण्याची रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे. एका शेतात अनेक प्रभेद मिसळलेले असू शकतात. म्हणून प्रथम एकाच फोडातील बीजुके घेऊन रोगास सहज बळी पडणाऱ्या रोपांवर ती वाढवितात. नंतर ज्यांतील प्रतिकारक्षम जनुके ज्ञात आहेत अशा ‘भेदक’ वाणांच्या रोपांवर ती सोडून रोपे दमट वातावरणात ठेवतात. सुमारे दोन आठवड्यांनी प्रत्येक वाणावरील लक्षणांना ० ते ४ असे अंक देतात. पाने निर्मळ राहिली किंवा केवळ सूक्ष्म ठिपके पडले तर वाण प्रतिकारक्षम. मोठे, भुकटी सोडणारे फोड आले तर बळी पडणारा. कोणते वाण तगले व कोणते बळी पडले, या क्रमावरून प्रभेद निश्चित होतो. तीन भेदक वाणांवरून ८, तर दहांवरून १०२४ प्रकारचे क्रम संभवतात. जितक्या अधिक वाणांवर मात, तितका प्रभेद अधिक उग्र.

हे काम एकदा करून संपणारे नाही. प्रतिकारक्षम वाणाचा पेरा वाढला की त्यावर मात करणाऱ्या प्रभेदास मोकळे रान मिळते. नागपूरच्या कृषी महाविद्यालयातील जवस संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी नवे वाण तयार करताना म्हणूनच प्रचलित प्रभेदांची माहिती आवश्यक ठरते. नव्या प्रभेदाची पहिली खूण मात्र प्रयोगशाळेत नव्हे, तर गावाच्या शिवारात दिसते.

प्रतिकारक्षम म्हणून पेरलेल्या वाणावर फोड आढळल्यास दोन शक्यता असतात : बियाण्यात भेसळ झालेली असेल किंवा बुरशी बदललेली असेल. मोजकीच विखुरलेली झाडे रोगट असल्यास भेसळीचा संशय अधिक; सारे शेत ग्रासले असल्यास नव्या प्रभेदाचा. अंतिम निर्णय चाचणीनेच होतो. तो होण्यापूर्वी बियाण्यास वा शेतकऱ्यास दोष देणे अन्यायाचे ठरेल.

याकरिता फोड असलेली ताजी पाने सावलीत सुकवून कागदी पाकिटात ठेवावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कुजतात. पाकिटावर गाव, वाण, बियाणे कोठून आणले आणि तारीख यांची नोंद करून ते कृषी विभागामार्फत विनाविलंब संशोधन केंद्राकडे पाठवावे. पंचायत सदस्य व शिक्षक यांनी माघ महिन्यात शिवारफेरी काढून एवढे साधले, तरी पुढील हंगामात कोणता वाण पेरावा या प्रश्नाला भक्कम आधार मिळेल.