महागडा हेडफोन घेण्याआधी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

फ्लॅटमध्ये मोठे स्पीकर लावून मनसोक्त गाणे ऐकण्याची सोय फार थोड्यांना असते. भिंतीपलीकडे शेजारी असतात, आतल्या खोलीत मुलांचा अभ्यास चालू असतो, रात्री उशिरा तर आवाज वाढवण्याचा प्रश्नच नसतो. अशा घरात संगीतावर मनापासून प्रेम करणाऱ्याला चांगला हेडफोन हा खरा आधार आहे. खोलीच्या भिंतींचे घुमणे त्यात मधे येत नाही. तंबोऱ्याची जवारी, गायकाने घेतलेला श्वास, डग्ग्यावर घासत गेलेला हात, हे सगळे इतके जवळून ऐकू येते की स्पीकरवर तेवढे ऐकण्यासाठी कितीतरी पट खर्च करावा लागेल.

अडचण येते ती निवडीच्या वेळी. बाजारात वीस-पंचवीस हजारांपासून काही लाखांपर्यंतचे हेडफोन आहेत आणि प्रत्येकाबरोबर ठाम सल्ले देणारी माणसेही आहेत. या सल्ल्यांतले बरेचसे अर्धवट माहितीवर उभे असतात आणि त्यांपायी चांगल्या श्रोत्यांचे कष्टाचे पैसे भलतीकडे जातात. म्हणून नेहमी कानावर पडणारे काही समज एकेक करून तपासू.

गैरसमज १ : किंमत जितकी जास्त, तितका आवाज चांगला.

वस्तुस्थिती : जेरोन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणता स्वर किती मोठा वाजतो याचा आलेख, म्हणजे फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, आणि किंमत यांचा काही संबंध आहे का, हे त्यांनी पाहिले. तसा संबंध आढळला नाही. हेडफोनचा आवाज कसा वाटणार हे सर्वांत जास्त ठरते ते याच आलेखावरून, त्यामुळे हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे.

मग जादा पैसे जातात कुठे? धातू, चामडे, लाकूड, बारकाईची जुळणी, संशोधनाचा खर्च, कमी संख्येने होणारे उत्पादन आणि नाममुद्रा यांत. सेनहायझर कंपनीने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या एचई १ या संचाची किंमत सुमारे ५०,००० युरो होती. त्यात संगमरवराच्या बैठकीवर बसवलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायरही येतो. याच कंपनीचा एचडी ६०० हा हेडफोन १९९७ मध्ये आला. आज त्याची गणना मधल्या किमतीच्या हेडफोनमध्ये होते, तरी गळ्याचा आणि वाद्यांचा स्वाभाविक आवाज म्हटले की जाणकार अजूनही त्याचेच नाव घेतात.

महागडे हेडफोन वाईट असतात, असा याचा अर्थ नाही. काहींमध्ये विकृती, म्हणजे मूळ आवाजात होणारा बिघाड, खरोखरच कमी असते, काहींमध्ये वाद्ये एकमेकांपासून जास्त सुटी वाटतात. पण एका पातळीनंतर किंमत दुप्पट झाली म्हणून आनंद दुप्पट होत नाही. कधी कधी तो कमीही होतो, कारण महाग हेडफोनचा सूर तुमच्या कानाला रुचेलच असे नाही.

गैरसमज २ : ज्याचा आलेख सरळ रेषेत, तो हेडफोन सर्वांत प्रामाणिक.

वस्तुस्थिती : समोरून येणारा आवाज आपल्या कानाची पाळी आणि कानाची नळी यांतून जाताना बदलतो. साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपासचा भाग पडद्यापर्यंत पोहोचताना बराच मोठा होतो. मेंदूला जन्मापासून याची सवय असते. हेडफोन आवाज थेट कानावर सोडतो, त्यामुळे हा नैसर्गिक उठाव त्याने स्वतः द्यावा लागतो. कानाच्या पडद्याशी मोजलेला आलेख सरळ रेषेत आला, तर गाणे दबलेले आणि निस्तेज वाटेल.

हरमन कंपनीतले सीन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२-१३ पासून श्रोत्यांना हेडफोन न दाखवता त्यांची पसंती तपासली. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे ऐकू येतात, त्याच्या जवळ जाणारा आवाज बहुतेकांना आवडला. त्यावरून ‘हरमन टार्गेट’ हा आलेख तयार झाला. तो उपयोगी मापदंड आहे, पण सरासरीचा. दुसऱ्याच्या चष्म्याच्या नंबरने आपल्याला स्पष्ट दिसत नाही, तसेच हेही आहे. कानाचा आकार, चष्म्याची दांडी, केस, कानावर पॅड किती घट्ट बसतो, यांमुळे एकच हेडफोन दोघांना वेगळा वाजतो. म्हणून परीक्षणे वाचावीत जरूर, पण निकाल स्वतःच्या कानाने द्यावा.

गैरसमज ३ : जास्त ओहमचा हेडफोन म्हणजे मोठा ॲम्प हवाच, कमी ओहमचा कशावरही चालतो.

वस्तुस्थिती : खरेदीत बरेच पैसे वाया जातात ते या समजापायी. हेडफोनला किती ताकद लागेल हे एकट्या इम्पीडन्सवरून, म्हणजे ओहमवरून, कळत नाही. त्याच्या जोडीला सेन्सिटिव्हिटी पाहावी लागते. ठरावीक वीज दिली तर हेडफोन किती मोठा वाजतो, हे ती सांगते.

दोन उदाहरणे घेऊ. सेनहायझरचा एचडी ६५० हा ३०० ओहमचा. कंपनीच्या माहितीनुसार तो १ व्होल्टला १०३ डेसिबलपर्यंत जातो. हिशेब केला तर त्याला जेमतेम ३.३ मिलिवॉट लागतात. हायफायमनचा सुसवारा ६० ओहमचा, म्हणजे पाचपट कमी. पण १ मिलिवॉटला तो सुमारे ८३ डेसिबलच देतो. त्यालाही १०३ डेसिबलला न्यायचे तर १०० मिलिवॉट हवेत. ओहम पाचपट कमी, तरी ताकद तीसपट जास्त. फोनला लावायचा साधा डोंगल साधारण १ व्होल्ट देतो. त्यावर पहिला हेडफोन घरगुती ऐकण्यापुरता मोठा वाजतो, दुसऱ्याला खरोखरच चांगला ॲम्प लागतो.

आणखी एक गोष्ट पाहावी. ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी असावा. तो जास्त असेल, तर काही हेडफोनचा बेस फुगतो आणि सूर बदलतो. एवढे जुळले, आवाज पुरेसा मोठा झाला आणि खरखर ऐकू येत नसली, की त्याहून महाग ॲम्पवर खर्च करण्याचे कारण उरत नाही.

गैरसमज ४ : घरी ऐकायचे तर ओपन बॅक हेडफोनच घ्यावा.

वस्तुस्थिती : ओपन बॅक हेडफोनच्या कपांची मागची बाजू जाळीची असते. त्यामुळे आवाज कोंडत नाही, मोकळा वाटतो आणि कानही कमी तापतात. शांत खोली असेल तर हा प्रकार पहिला पाहावा, यात वाद नाही.

पण जाळीतून आवाज बाहेर जातो तसा आतही येतो. आपल्याकडे मार्चपासून डोक्यावर पंखा फिरत असतो, खिडकी उघडी असते, खाली रस्त्यावर हॉर्न वाजत असतात. विलंबित ख्यालाच्या सुरुवातीचे हळुवार स्वर या आवाजात बुडतात. मग आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि द्रुत लय येईपर्यंत तो कानाला बाधक झालेला असतो. अशा घरात चांगला क्लोज्ड बॅक किंवा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन जास्त संगीत ऐकवतो. शेजारी कोणी झोपले असेल तर ओपन बॅकमधून पाझरणारा आवाज त्यांनाही ऐकू जातो. त्यामुळे हेडफोनआधी आपली खोली आणि ऐकण्याची वेळ ठरवून घ्यावी.

गैरसमज ५ : खोक्यावर ५ हर्ट्झ ते ५० किलोहर्ट्झ लिहिले असेल, तर तोच सरस.

वस्तुस्थिती : तरुण, निरोगी माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येते आणि वयानुसार वरची मर्यादा खाली येत जाते. खोक्यावरचे आकडे त्या टोकांना आवाज किती क्षीण होतो हे सांगतच नाहीत, त्यामुळे त्यांवरून निवड करता येत नाही.

आपल्या संगीताचा हिशेब पाहा. काळी एकच्या पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते. म्हणजे ख्याल, ठुमरी, नाट्यगीत ऐकणाऱ्याला अगदी खोल बेसपेक्षा मधल्या पट्ट्याचा खरेपणा जास्त मोलाचा, कारण गळा, सारंगी, हार्मोनियम यांचा जीव तिथेच आहे. चित्रपटसंगीताची नवी ध्वनिमुद्रणे, इलेक्ट्रॉनिक संगीत किंवा मोठे ऑर्गन ऐकणाऱ्याला मात्र खोलवर जाणारा बेस हवा. दोघांसाठी योग्य हेडफोन वेगळे असू शकतात.

गैरसमज ६ : हाय-रेझ, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाची, फाइल नसेल तर उंची हेडफोन वाया जातो.

वस्तुस्थिती : सीडीचा दर्जा, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ, माणसाच्या श्रवणकक्षेला पुरेल असाच ठरवलेला आहे. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हाय-रेझ आवाज थेट ऐकवला आणि तोच सीडीच्या दर्जावर उतरवूनही ऐकवला. ५५४ चाचण्यांत श्रोत्यांची २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून आली असती तेवढीच. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आले आणि प्रशिक्षित श्रोत्यांत ते आणखी वाढले. फरक असलाच तर तो इतका बारीक आहे.

मूळ ध्वनिमुद्रणाचा फरक मात्र प्रचंड असतो. १९२५ मध्ये विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले. त्याआधीचे कलाकार भोंग्यासमोर गात. त्या तबकड्यांवर खालचे आणि वरचे स्वर उमटलेच नाहीत, ते कोणताही हेडफोन परत आणू शकत नाही. तिथे जपून केलेले, खरखर काढण्याच्या नादात गळ्याचा पोत न घालवलेले रूपांतर शोधणे हेच खरे काम आहे.

गैरसमज ७ : प्लेनर आणि इलेक्ट्रोस्टॅटिक नेहमीच डायनॅमिकपेक्षा वरचढ.

वस्तुस्थिती : ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या भागाचा, पडदा हलवण्याच्या या तीन पद्धती आहेत. जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० मध्ये इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन बाजारात आणला. त्यांच्या आजच्या हेडफोनना ५८० व्होल्टचा बायस, म्हणजे कायम दिलेला विद्युतदाब, लागतो, म्हणून त्यांचा खास ॲम्पही घ्यावाच लागतो. प्लेनर हेडफोन खोल बेस छान देतात, पण अनेकदा जड असतात. ऑडीझी एलसीडी-एक्सचे वजन ६०० ग्रॅमच्या वर आहे, एचडी ६०० सुमारे २६० ग्रॅमचा. तासाभराच्या रागाला मान अवघडणार असेल, तर तंत्र कितीही प्रगत असून उपयोग नाही.

गैरसमज ८ : महाग केबल आणि शंभर तासांचे ‘बर्न-इन’ (नवा हेडफोन आधी नुसताच वाजवत ठेवणे) यांनी आवाज खुलतो.

वस्तुस्थिती : धड बनवलेल्या तांब्याच्या केबलचा रोध हेडफोनच्या मानाने नगण्य असतो. बॅलन्स्ड, म्हणजे दोन्ही कानांसाठी पूर्ण स्वतंत्र तारा असलेल्या, जोडणीने काही ॲम्पची ताकद वाढते, पण ती लागतच नसेल तर फायदा नाही. नव्या हेडफोनमध्ये काळाबरोबर होणारे बदल मोजले असता ते तोच हेडफोन काढून पुन्हा कानावर ठेवल्याने होणाऱ्या बदलापेक्षा लहान निघतात. पॅड मऊ होतात आणि आपले कान सरावतात, एवढे मात्र खरे.

गैरसमज ९ : चांगल्या हेडफोनने कानाला इजा होत नाही.

वस्तुस्थिती : इजा होते ती आवाजाच्या पातळीने आणि वेळेने. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा आहे. ९० डेसिबलवर ती अवघ्या ४ तासांवर येते. कमी विकृतीचा हेडफोन मोठ्या आवाजातही बोचत नाही, म्हणून तिथे उलट जास्त जपावे लागते.

मग निवड कशी करावी?

आधी खोली पाहा आणि ओपन की क्लोज्ड हे ठरवा. मग वजन आणि पॅड पाहा, डोक्यावर किमान अर्धा तास ठेवून. त्यानंतर तुम्हाला तोंडपाठ असलेली दोन-तीन ध्वनिमुद्रणे बरोबर घेऊन जा आणि त्यांवरच तुलना करा. तुलनेत दोन्ही हेडफोनचा आवाज सारखा मोठा ठेवा, कारण किंचित मोठा वाजणारा हेडफोन नेहमीच सरस वाटतो. सेन्सिटिव्हिटी पाहून ॲम्प लागतो का ते ठरवा. पॅड, केबल, हेडबँड यांचे सुटे भाग भारतात मिळतात का, हे विचारूनच पैसे द्या. वायरलेस हवा असेल तर जरूर घ्या, आवाजात आता त्याचे फारसे अडत नाही. मात्र त्याची बॅटरी काही वर्षांत थकते, तर चांगला वायरचा हेडफोन पॅड बदलत दशकभर सहज साथ देतो.

घरी शांतपणे संगीत ऐकणाऱ्या बहुतेकांची गरज नीट निवडलेला मधल्या किमतीचा हेडफोन पूर्ण भागवतो. वर उरलेले पैसे चांगली ध्वनिमुद्रणे विकत घेण्यावर आणि मैफलींच्या तिकिटांवर खर्च करा. ते कलाकारापर्यंत पोहोचतात आणि तुमचा कानही त्यानेच तयार होतो.