नऊशे राक्षस आणि एक चाबूक

"काका, नऊशे झाले. आता तर मिळालाच पाहिजे."

आमच्या शेजारचा बारावीतला मुलगा फोनमधून डोके वर न काढता म्हणाला. काय मिळायला पाहिजे, असे विचारल्यावर कळले ते असे. तो 'ओल्ड स्कूल रूनस्केप' नावाचा खेळ खेळतो. त्यात 'अबिसल डीमन' नावाचे राक्षस आहेत. राक्षस मेला की मागे काहीतरी टाकतो, बहुतेक वेळा किरकोळ वस्तू. पण सरासरी ५१२ राक्षसांमागे एकदा तो एक मौल्यवान चाबूक टाकतो. आमच्या मित्राने नऊशे मारले होते आणि चाबकाचा पत्ता नव्हता. ५१२ ची मर्यादा तर केव्हाच ओलांडली, तेव्हा आता चाबूक अगदी जवळ आला असणार, असा त्याचा हिशेब.

हा हिशेब चुकीचा आहे. तो का चुकतो हे सांगण्याआधी या खेळाच्या पोटात काय चालते ते पाहूया, कारण वरून दिसते ते तलवारी, जादू आणि राक्षस, पण आत आहे निव्वळ अंकगणित.

कल्पित जगात एखाद्या पात्राची भूमिका घ्यायची, आणि झुंजीचा निकाल फाशांनी व नियमांच्या तक्त्यांनी लावायचा, ही पद्धत रूढ केली ती १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या खेळाने. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये असाच खेळ संगणकावर आणला. त्यात चित्रे नव्हती, फक्त शब्द होते. पण एकाच जगात अनेक जण एकाच वेळी वावरू शकत होते. रूनस्केप हा त्याच घराण्यातला. अँड्र्यू गॉवर या इंग्रज तरुणाने आपल्या भावांच्या साथीने तो जानेवारी २००१ मध्ये सुरू केला. तो जावा भाषेत लिहिलेला होता आणि थेट ब्राउझरमध्ये चाले. विकत घ्यायला नको, संगणकावर बसवायला नको. शाळेतल्या किंवा सायबर कॅफेतल्या संगणकावरही पान उघडले की जग तयार. त्याच्या प्रसाराचे मोठे कारण हेच होते. पुढे २०१५ च्या सुमारास ब्राउझरांनी जावाला आधार देणे थांबवले आणि ती सोय गेली. आमच्या मित्राच्या फोनवर आहे ती २००७ सालच्या जतन केलेल्या प्रतीवरून २०१३ मध्ये पुन्हा सुरू केलेली आवृत्ती. फोनवर ती २०१८ मध्ये आली.

आता पहिला प्रश्न. हजारो माणसे वेगवेगळ्या देशांतून एकाच जगात फिरत आहेत. दोघांनी एकच वस्तू उचलायला एकाच क्षणी बोट टेकवले, तर ती मिळणार कोणाला?

खेळणाऱ्याला वाटते की जग आपल्या पडद्यावर आहे. ते तिथे नसते. पडद्यावर असते फक्त चित्र. कोण कुठल्या चौकोनात उभा आहे, कोणाच्या पिशवीत काय आहे, कोणाची ताकद किती उरली आहे, ही सगळी नोंदवही सर्व्हर नावाच्या दूरच्या संगणकावर असते. आपण बोट टेकवतो तेव्हा वस्तू उचलत नाही. 'मला ती वस्तू उचलायची आहे' असा अर्ज पाठवतो, इतकेच.

आणि हे अर्ज सर्व्हर आले तसे निकालात काढत नाही. टपालपेटी जशी ठरलेल्या वेळीच उघडली जाते, तसा तो दर ०.६ सेकंदाने पेटी उघडतो. या अवधीला खेळणारे 'टिक' म्हणतात. दोन टिकांच्या मध्ये आलेली सर्व पत्रे एकाच बटवड्यातली. माणूस चालतो तो एका टिकला एक चौकोन, धावतो तो दोन. झाडावर कुऱ्हाड चालवली की दर चार टिकांना, म्हणजे २.४ सेकंदांना, ओंडका मिळाला की नाही याचा एकदा निकाल लागतो. एकाच टिकमध्ये दोघांचे अर्ज असले तर? सर्व्हरने प्रत्येकाला एक अनुक्रमांक दिलेला असतो, त्या क्रमाने तो अर्ज घेतो, आणि कोणा एकाचा कायम फायदा होऊ नये म्हणून हे क्रमांक मधूनमधून बदलतो. आजच्या मानाने ०.६ सेकंद हा फार ढोबळ काळ आहे. पण २००१ मध्ये बहुतेक घरांत टेलिफोनच्या तारेवरून रखडत चालणारे इंटरनेट होते. काळाचे मोठे तुकडे पाडल्याने मंद जोडणीवाल्यालाही खेळता येई.

या जगातला कायदा म्हणजे नोंदवहीतल्या खुणा. जून २००६ मध्ये त्याचा एक चमत्कारिक नमुना दिसला. एका खेळाडूच्या घरात झुंजीचा आखाडा होता, आणि तिथे पाहुण्यांना एकमेकांवर हल्ला करण्याची मुभा होती. यजमानाने सर्वांना घराबाहेर काढले तेव्हा काहींच्या नावापुढची 'हल्ला करू शकतो' ही खूण पुसायची राहून गेली. ते भर शहरात शिरले आणि जिथे झुंजीला मनाई होती तिथे लोकांना मारत सुटले. समोरच्याच्या नावापुढे ती खूण नव्हती, त्यामुळे त्याला उलट हात उगारता येईना. कार्यक्रमातली एक चूक, आणि कितीतरी जणांची महिनोन्‌महिन्यांची कमाई गेली.

कमाईचा शब्द निघाला म्हणून पातळ्यांकडे वळूया. खेळात लाकूडतोड, मासेमारी, स्वयंपाक, राक्षसवध अशी वीसहून अधिक कौशल्ये आहेत. प्रत्येकाच्या पातळ्या १ ते ९९. काम केले की अनुभवगुण मिळतात आणि ठराविक गुण साठले की पातळी वाढते. दुसऱ्या पातळीला लागतात फक्त ८३ गुण. साध्या झाडाचा एक ओंडका २५ गुण देतो, म्हणजे चार ओंडक्यांत काम झाले. सुरुवातीला बढत्या अशा पटापट मिळतात, आणि मूल तिथेच बसते.

पुढे मात्र प्रत्येक पातळी आधीच्यापेक्षा सुमारे १०.४ टक्क्यांनी महाग होत जाते. चक्रवाढ व्याज शिकवताना आपण सांगतो की ७२ ला व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे मिळतात. इथेही तेच. दर सात पातळ्यांना लागणारे एकूण गुण दुप्पट होतात. प्रत्यक्ष आकडे पाहा : ७८ व्या पातळीला १६,२९,२०० गुण, ८५ व्या पातळीला ३२,५८,५९४, ९२ व्या पातळीला ६५,१७,२५३ आणि ९९ व्या पातळीला १,३०,३४,४३१.

अबिसल डीमन मारायला राक्षसवधाची ८५ वी पातळी लागते. आमचा मित्र तिथे पोचलेला होता. "आता चौदाच राहिल्या, दिवाळीच्या सुट्टीत संपवतो," असा त्याचा बेत. आम्ही कागद पुढे ओढला. ९९ पैकी ८५ म्हणजे डोळ्यांना शेकडा ८६ दिसते. पण गुणांच्या हिशेबात ८५ वी पातळी म्हणजे वाटेचा केवळ चौथा भाग. उरले ९७,७५,८३७ गुण. एक डीमन १५० गुण देतो, म्हणजे ६५,१७२ राक्षस. एकाला सुमारे ४० सेकंद लागतात, असे त्यानेच सांगितले. गुणाकार त्यालाच करायला लावला. ७२४ तास आले. रात्रंदिवस खेळले तर एक महिना. अर्थात हत्यारे सुधारतात, जास्त गुण देणारे राक्षसही असतात, त्यामुळे खरा आकडा याहून कमी भरेल. पण दिवाळीच्या सुट्टीत तो बसणार नाही. मुलगा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. पातळीची पट्टी त्याच्याशी खोटे बोलत नव्हती, फक्त कोणती मोजपट्टी वापरली आहे ते सांगत नव्हती.

आता चाबूक.

प्रत्येक राक्षस मेला की सर्व्हर एक यदृच्छ संख्या काढतो. ५१२ चिठ्ठ्यांतली एक चिठ्ठी चाबकाची, असे समजा. महत्त्वाचे हे की काढलेली चिठ्ठी प्रत्येक वेळी परत टाकली जाते. ती बाजूला ठेवली असती तर ५१२ व्या खेपेपर्यंत चाबूक मिळालाच असता. मित्राच्या मनात नकळत तीच पेटी होती. चिठ्ठी परत टाकली की प्रत्येक खेपेला चाबूक न मिळण्याची संभाव्यता ५११/५१२ असते. ५१२ खेपांत एकदाही न मिळण्याची संभाव्यता म्हणजे हा अपूर्णांक ५१२ वेळा स्वतःशी गुणायचा. उत्तर येते ०.३६७५. शंभरातले जवळजवळ ३७ खेळाडू ५१२ राक्षस मारूनही रिकाम्या हाताने उभे असतात. नऊशेनंतरही शंभरात १७ उरतात. आमचा मित्र त्यांतला एक होता. त्यात त्याचे नशीब फार फुटके होते असे नाही.

आणि नऊशे एकावा राक्षस? त्याची चिठ्ठीही ५१२ त एकच. सर्व्हर मागचे नऊशे मोजत नाही. काही खेळांत अमुक खेपांनंतर वस्तू द्यायचीच असा नियम मुद्दाम घातलेला असतो, या चाबकाला तो नाही. म्हणजे त्याची सरासरी वाट अजूनही ५१२ राक्षसांची, पावणेसहा तासांची. जितकी पहिल्या दिवशी होती तितकीच.

हे सांगून पटत नाही, असा आमचा अनुभव आहे. वर्गात करून पाहावे. लुडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी निघत नाही हे मुलांना माहीत असते. ४८ मुलांच्या वर्गात प्रत्येकाने फासा सहा वेळा टाकावा. ज्यांना सहा पडले त्यांनी खाली बसावे. सुमारे १६ मुले उभी राहतील. आता उभ्या मुलांना विचारावे, तुम्हाला आता लवकर सहा पडेल असे वाटते का? बहुतेक हात वर होतात. मग त्यांनी पुन्हा सहा वेळा टाकावा. पुन्हा तिसरा हिस्सा उभा राहतो, पाच-सहा मुले. आधीच्या अपयशाने त्यांच्या पदरात काहीही टाकलेले नसते. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना आणखी एक काम देता येईल. फाशासाठी ०.३३५, चाबकासाठी ०.३६७५, आणि पेटीतल्या चिठ्ठ्या वाढवत नेल्या तर हा आकडा कुठे थांबतो? उत्तर आहे १/e, म्हणजे ०.३६७९. जिथे अपेक्षाही नव्हती तिथे e भेटतो.

खेळात गुंतलेला असतो तो वेळ, तोवर हा गैरसमज तासांवर भागतो. पण २०१२ मध्ये रूनस्केपच्या मुख्य आवृत्तीत बक्षिसांचे एक चक्र आले, आणि त्याच्या फेऱ्या खऱ्या पैशांनी विकत मिळू लागल्या. 'आता तर मिळालेच पाहिजे' या वाक्याला इथे किंमत चिकटते. ब्रिटिश संसदेच्या एका समितीने २०१९ मध्ये अशा व्यवहारांवर अहवाल दिला. त्यात एका खेळाडूच्या पालकाने कळवलेली हकीकत आहे : सज्ञान मुलाने या खेळातल्या खरेदीपायी ५०,००० पौंडांहून अधिक कर्ज करून ठेवले होते. तिथेही मागच्या फेऱ्या वाया गेल्या म्हणून पुढची फेरी जवळ येत नव्हती.

आमच्या मित्राला चाबूक अखेर मिळाला, १,१३१ व्या राक्षसाकडून. त्याच आठवड्यात त्याच्या वर्गमित्राला तो सातव्यालाच मिळाला होता. हे सांगताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. "हे अन्यायाचे आहे," तो म्हणाला. आम्ही म्हटले, पहिल्या सात राक्षसांत मिळण्याची संभाव्यता काढून बघ. त्याने काढली. शंभरात दीडापेक्षाही कमी. मग त्याने विचारले, "पण काका, हजारो लोक खेळतात, त्यांतल्या कोणाला तरी सातव्याला मिळणारच ना?"