महासाथीच्या काळातील पाळणाघरे व सरकारी साहाय्य

शाळेच्या पटावर चाळीस मुले असून साथीच्या दिवसांत त्यांपैकी दहाच हजर राहिली, तरी शाळेचा खर्च एक चतुर्थांशावर येत नाही. शिक्षकाचे वेतन त्या दिवसाच्या हजेरीवर अवलंबून नसते, म्हणून शाळा टिकते. परंतु ज्या संस्थेचा सारा निर्वाह मुलांच्या फीवर चालतो, तिची अशा वेळी काय अवस्था होते, हे सन २०२० च्या कोरोना महासाथीत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्पष्टपणे दिसून आले.

आपल्या गावातील अंगणवाडी सरकारी योजनेखाली चालते. अमेरिकेत मात्र शाळेत जाण्यापूर्वीच्या वयाच्या मुलांचा सांभाळ बहुतांशी खाजगी पाळणाघरांकडे असतो. त्यांपैकी पुष्कळ पाळणाघरे एखादी स्त्री आपल्या राहत्या घरीच चालविते. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना फीसाठी सरकारी मदत मिळते. तिचा आधार १९९० चा बालसंगोपन अनुदानाचा कायदा होय. इतर पालक फी स्वतः भरतात. तेथील सेविकांचे वेतन साथीपूर्वीही तुटपुंजेच होते.

साथ पसरताच पालकांनी मुले घरी ठेवली. जी पाळणाघरे चालू राहिली, त्यांना एका खोलीत थोडीच मुले घ्यावी लागली आणि स्वच्छतेचा खर्च वाढला. फी घटली, परंतु घरभाडे, वीज, विमा व वेतन हे खर्च कायमच राहिले. फेब्रुवारी ते एप्रिल २०२० या अवधीत या क्षेत्रातील सुमारे एक तृतीयांश नोकऱ्या नाहीशा झाल्या. एकदा बंद पडलेले पाळणाघर पुन्हा सहजासहजी उभे राहत नाही, आणि त्याच्याअभावी रुग्णालयातील परिचारिकेसही कामावर जाता येत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ त्या चालकांचा राहिला नाही.

यास्तव मध्यवर्ती सरकारने तीन टप्प्यांत साहाय्य केले. मार्च २०२० च्या कायद्याने ३५० कोटी डॉलर व त्याच वर्षीच्या डिसेंबरात १,००० कोटी डॉलर मंजूर झाले. मार्च २०२१ च्या कायद्याने सुमारे ३,९०० कोटी डॉलर दिले. त्यांपैकी सुमारे २,४०० कोटी डॉलर केवळ पाळणाघरे टिकवून धरण्यासाठी राखून ठेवले होते. ही रक्कम घटक राज्यांमार्फत वाटण्यात आली आणि दोन लाखांहून अधिक संस्थांना तिचा लाभ झाला.

या वाटपाची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. अनुदानाची रक्कम संस्थेच्या चालू खर्चावरून ठरे. साथीमुळे तात्पुरते बंद असलेले पाळणाघरही अर्ज करू शकत असे. वेतन, भाडे, वीज, स्वच्छतेचे साहित्य, तसेच मुलांचे व सेविकांचे मानसिक स्वास्थ्य यांसाठी पैसा खर्च करता येई. अटीही होत्या : सेविकांचे वेतन कमी करावयाचे नाही, आरोग्याचे नियम पाळावयाचे, आणि शक्य तितकी पालकांना फीत सवलत द्यावयाची. याखेरीज अनेक राज्यांनी अल्प उत्पन्नाच्या मुलांसाठीची नेहमीची मदत प्रत्यक्ष हजेरीऐवजी पटसंख्येवरून दिली. मूल काही आठवडे आले नाही, तरी त्याची जागा त्यामुळे राखली गेली.

तथापि हे साहाय्य तात्पुरते होते. पाळणाघरे टिकविण्यासाठीच्या अनुदानाची मुदत ३० सप्टेंबर २०२३ रोजी संपली. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्याने पुढे स्वतःच्या तिजोरीतून अनुदान चालू ठेवले. परंतु सर्वत्र तसे झाले नाही. पालकांना परवडेल एवढ्या फीत सेविकेला पुरेसे वेतन देता येत नाही, ही मूळची अडचण साथीपूर्वी होती व नंतरही उरली. संकटकाळच्या निधीने संस्था वाचल्या. त्यांचा कायमचा पाया मात्र त्याने घातला गेला नाही.

शिक्षकांनी यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हजेरी घटली म्हणजे संस्थेची गरज संपली, असे होत नाही. मुले परत येतील तेव्हा दार उघडणारे कोणी तेथे असावे लागते. त्या माणसाच्या निर्वाहाची तरतूद दार बंद असतानाच करावी लागते, आणि या निधीच्या मागील विचार तोच होता.