बंद पडलेला मॉनिटर आणि हमीतील दुरुस्ती

ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील बरीचशी कामे आज संगणकावर होतात. २०११ मध्ये हाती घेण्यात आलेल्या 'संग्राम' प्रकल्पाने राज्यातील ग्रामपंचायतींत संगणक पोहोचविले. २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्रां'मधून विविध दाखले व उतारे गावातच मिळू लागले. शाळांमध्येही विद्यार्थ्यांच्या नोंदी आणि शासनाकडे पाठवावयाची माहिती यांसाठी संगणक आवश्यक झाला आहे. त्यामुळे एखाद्या सकाळी संगणकाचा पडदा काळाच राहिला, तर केवळ एक उपकरण बंद पडत नाही. शेतमजुराचा रहिवासी दाखला, विद्यार्थ्याचा अर्ज आणि कराची पावती ही सारी कामे खोळंबतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक आहे. तेव्हा 'कॉम्प्युटर बंद आहे' एवढे सांगून नागरिकास परत पाठविणे योग्य ठरणार नाही.

अशा प्रसंगी दोन गोष्टी ध्यानात घेणे इष्ट आहे. पहिली अशी की, मॉनिटर म्हणजे संपूर्ण संगणक नव्हे. कार्यालयाची माहिती मुख्य संचातील डिस्कवर किंवा दूरच्या सर्व्हरवर साठविलेली असते; मॉनिटरमध्ये ती नसते. जुळणारी केबल असल्यास दुसरा कोणताही मॉनिटर जोडून काम त्याच दिवशी सुरू करता येते. दुसरी गोष्ट अशी की, हमीच्या मुदतीतील दुरुस्ती विनामूल्य होणार की नाही, हे बऱ्याच अंशी कार्यालयाच्या दप्तरावर अवलंबून असते. यंत्र कारागीर दुरुस्त करतो. परंतु ते त्याच्यापर्यंत हक्काने पोहोचविणारी कागदपत्रे कार्यालयानेच जपलेली असावी लागतात.

बिघाड नेमका कोठे?

तक्रार नोंदविण्यापूर्वी काही साध्या गोष्टी तपासून पाहाव्यात. त्यांसाठी तंत्रज्ञाची गरज नाही.

प्रथम मॉनिटरवरील लहान दिवा पाहावा. तो मुळीच लागत नसेल, तर सॉकेटमध्ये वीज आहे काय, प्लग आणि मॉनिटरच्या मागील वायर घट्ट बसली आहे काय, हे पाहावे. शक्य असल्यास तशीच दुसरी वायर लावून पाहावी. दिवा लागला, पण तो पिवळा राहिला किंवा उघडझाप करू लागला, तर बहुधा मॉनिटर ठीक असून त्यास मुख्य संचाकडून संदेश मिळत नाही असे समजावे. अशा वेळी पडद्यावर 'नो सिग्नल' ही अक्षरे उमटली, तर ते मॉनिटर चालू असल्याचेच लक्षण होय. दोष केबलमध्ये किंवा मुख्य संचात शोधावा.

पडदा काळा आणि दिवा मात्र नेहमीसारखा असेल, तर खोलीत थोडा अंधार करून विजेरीचा प्रकाश पडद्यावर तिरपा टाकावा. चित्र अंधुकसे दिसल्यास पडद्यामागील प्रकाशव्यवस्था, म्हणजेच बॅकलाइट, निकामी झाली असे अनुमान करता येते. पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा दिसत असतील, तर मॉनिटरच्या बटणाने त्याची स्वतःची मांडणी-सूची उघडावी. सूचीवरही रेघा आल्या तर दोष मॉनिटरचा आहे. सूची स्वच्छ दिसली तर तो केबलचा किंवा मुख्य संचाचा असण्याचा संभव अधिक.

शेवटची आणि सर्वांत खात्रीची कसोटी अदलाबदलीची आहे. संशयित मॉनिटर दुसऱ्या संगणकास जोडावा आणि दुसरा चालू मॉनिटर या संगणकास जोडावा. ज्याच्याबरोबर बिघाड जातो, त्यातच दोष आहे. जवळची शाळा किंवा शेजारची पंचायत यांच्याकडून तासाभरासाठी मॉनिटर आणूनही हे करता येते.

मॉनिटर उघडू नये

गावातील जाणकार तरुण मदतीच्या भावनेने मॉनिटर खोलून पाहण्यास तयार होतात. हमीच्या मुदतीत हे टाळावे. अनधिकृत व्यक्तीने संच उघडल्यास हमी रद्द होते, अशी अट बहुतेक हमीपत्रांत असते. शिवाय त्यात धोकाही आहे. वीजपुरवठ्याच्या भागातील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही काही काळ विद्युतभार राहतो. जुन्या, पाठीमागे फुगीर अशा रंगीत काचनळीच्या मॉनिटरमध्ये सुमारे २५ हजार व्होल्टपर्यंत दाब असतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो.

हमी कशाची असते?

हमीपत्र हा विक्रेता अथवा उत्पादक आणि खरेदीदार यांच्यातील करार आहे. निर्मितीतील दोषामुळे झालेला बिघाड ठरावीक मुदतीत विनामूल्य दूर करण्याचे त्यात वचन असते. पडदा फुटणे, आत पाणी जाणे, विजेच्या दाबातील अचानक चढउतार किंवा आकाशातील वीज यांमुळे झालेले नुकसान सामान्यतः हमीत मोडत नाही. यास्तव योग्य अर्थिंग आणि यूपीएस या गोष्टी जेथे वीज वारंवार ये-जा करते अशा गावांत अनिवार्यच मानावयास हव्यात.

पडद्यावर एखादा ठिपका सतत काळा किंवा सतत प्रकाशित राहतो, त्याबाबतही गैरसमज आढळतो. १९२० गुणिले १०८० मापाच्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० चित्रबिंदू असतात. त्यांतील किती सदोष झाल्यास मॉनिटर बदलून द्यावयाचा, याची मर्यादा उत्पादक ठरवितात. एकाच ठिपक्यासाठी संच बदलून मिळेलच असे नाही. ही मर्यादा खरेदीपूर्वीच विचारून घ्यावी.

दुरुस्ती कोठे होणार, हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. काही हमींनुसार तंत्रज्ञ कार्यालयात येतो, तर काहींनुसार मॉनिटर सेवा केंद्रापर्यंत नेऊन द्यावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी सेवा केंद्र नसेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतचा खर्च आणि वेळ पंचायतीस सोसावा लागतो. म्हणून खरेदीच्या वेळी केवळ किंमत न पाहता 'जागेवर सेवा' आहे काय, हे पाहून मगच आदेश द्यावा. शासकीय ई-बाजारपेठेतून, म्हणजे 'जेम'वरून, खरेदी केली असल्यास करारपत्राची प्रत छापून धारिकेत ठेवावी.

दप्तरातील चार नोंदी

प्रत्येक संगणकासाठी एक स्वतंत्र धारिका ठेवावी आणि तीत चार गोष्टी असाव्यात: मूळ बिल, हमीपत्र, वस्तू मिळाल्याची किंवा बसविल्याची तारीख आणि अनुक्रमांक. अनुक्रमांक मॉनिटरच्या मागील चिठ्ठीवर छापलेला असतो. मॉनिटर आणि मुख्य संच यांचे अनुक्रमांक वेगवेगळे असतात. जडसंग्रह नोंदवहीत 'संगणक १ नग' एवढीच नोंद केल्यास पुढे अडचण येते. मागील चिठ्ठी कालांतराने पुसट होते, म्हणून तिचे छायाचित्र काढून ठेवणे हिताचे.

बिल सापडले नाही तर काय होते? अशा वेळी अनेक उत्पादक अनुक्रमांकावरून निर्मितीची तारीख काढतात आणि हमीची मुदत तेथून मोजतात. मॉनिटर गोदामात व दुकानात जितके महिने पडून राहिला असेल, तितके महिने खरेदीदार गमावतो. एका कागदाच्या अभावी विनामूल्य दुरुस्तीचा हक्क जाऊ शकतो, तो असा.

तक्रार आणि पोचपावती

बिघाड मॉनिटरमध्येच आहे अशी खात्री झाल्यावर उत्पादकाच्या सेवा विभागाकडे त्याच दिवशी तक्रार नोंदवावी. मुदत संपत आली असेल तर एकही दिवस दवडू नये. तक्रारीत मॉनिटरची जात, अनुक्रमांक, खरेदीची तारीख, बिघाडाचे स्वरूप आणि वर सांगितलेल्या तपासण्यांचे निष्कर्ष लिहावेत. दूरध्वनीवर तक्रार केल्यास तक्रार क्रमांक अवश्य मागून घ्यावा व नंतर ई-मेलने किंवा पत्राने तीच तक्रार लेखी पाठवावी. केवळ तोंडी आश्वासनाचा पुढे पुरावा म्हणून उपयोग होत नाही.

मॉनिटर सेवा केंद्राकडे सोपविताना केबल व इतर साहित्य शक्यतो कार्यालयातच ठेवावे. पडद्याची स्थिती दर्शविणारी छायाचित्रे काढावीत आणि अनुक्रमांक व 'पडद्यास तडा नाही' असा उल्लेख असलेली पोचपावती घ्यावी. वाहतुकीत पडदा फुटला तर जबाबदारी कोणाची, हा वाद त्यामुळे उद्भवत नाही. मूळ खोके हमीची मुदत संपेपर्यंत टाकून देऊ नये. पडदा आणि मुख्य संच एकाच पेटीत असलेल्या संगणकाच्या बाबतीत मात्र डिस्कही बरोबर जाते. अशा वेळी माहितीची प्रत आधी काढून घेणे आणि शक्य असल्यास डिस्क काढून देण्याची विनंती करणे अगत्याचे आहे. नागरिकांची माहिती कार्यालयाकडे विश्वासाने सोपविलेली असते.

मॉनिटर परत आल्यावर तो तंत्रज्ञासमक्ष अर्धा तास तरी चालवून पाहावा आणि मगच अहवालावर सही करावी. पुष्कळदा जुन्याऐवजी दुसराच मॉनिटर मिळतो. त्याचा अनुक्रमांक वेगळा असल्याने नोंदवहीत तशी दुरुस्ती करावी. अन्यथा लेखापरीक्षणाच्या वेळी वस्तू आणि नोंद यांचा मेळ बसत नाही. बदलून दिलेल्या मॉनिटरला सामान्यतः मूळ हमीचा उरलेला काळच लागू होतो.

दाद न मिळाल्यास

हमी असूनही टाळाटाळ झाली, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा आधार घेता येतो. हा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. पुनर्विक्री किंवा व्यापारी प्रयोजन नसताना मोबदला देऊन वस्तू घेणारी संस्थाही ग्राहक ठरू शकते. ग्रामपंचायत ही कायद्याने निगम संस्था असून तिला स्वतःच्या नावाने दाद मागता येते.

पहिली पायरी म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी; बरीच प्रकरणे तेथेच तडजोडीने मिटू शकतात. तेवढ्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असलेली प्रकरणे या आयोगाच्या कक्षेत येतात आणि मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. विक्रेता परगावचा असला तरी तक्रारदार स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार दाखल करू शकतो. वकील देण्याची सक्ती नाही. तक्रारीचे कारण उद्भवल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे आणि नुकसानभरपाई देणे असे आदेश आयोग देऊ शकतो. मात्र या प्रत्येक पायरीवर प्रथम मागितले जाते ते बिल, आणि त्यामागोमाग तक्रार क्रमांक.

निरुपयोगी मॉनिटरची विल्हेवाट

हमी संपलेला व दुरुस्तीच्या पलीकडे गेलेला मॉनिटर भंगारवाल्यास देणे किंवा जाळणे घातक आहे. जुन्या काचनळीत शिसे असते, तर सपाट पडद्यांच्या आधीच्या पिढीतील दिव्यांत पारा असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ च्या चौकटीत, रीतसर निर्लेखन करून तो नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच सोपवावा.

मॉनिटर बंद पडणे टाळता येईलच असे नाही. पण पंचायत समितीच्या स्तरावर दोन-चार जादा मॉनिटर ठेवले आणि प्रत्येक कार्यालयाने आपली धारिका आजच पूर्ण केली, तर गावातील दाखला एका दिवसासाठीही अडणार नाही. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. पुढील मासिक सभेपूर्वी ग्रामपंचायत अधिकाऱ्याने किंवा मुख्याध्यापकाने मॉनिटरच्या पाठीमागची चिठ्ठी वाचून अनुक्रमांक नोंदवहीत उतरविला, तरी या कामाची सुरुवात झाली असे म्हणता येईल.