टाळ्या वाजवायला व्हिसा

बँकेतल्या नोकरीची माझी शेवटची काही वर्षं जळगाव आणि धुळे या दोन गावांत गेली. त्या काळात टेबलावर एक नवीच मागणी येऊ लागली. पूर्वी लोक शिल्लकीचा दाखला मागत तो ठेकेदारीच्या निविदेसाठी, नाहीतर (आता सांगायला हरकत नाही) सोयऱ्यांवर छाप पाडण्यासाठी. नंतर तो व्हिसासाठी मागू लागले. मुलगा परदेशी शिकतोय, त्याचा पदवीदान समारंभ आहे, आई-वडिलांना आठ दिवस जाऊन यायचंय. साहेब, एवढी सही द्या.

दोन वर्षं शिकायला जाणाऱ्याला व्हिसा लागतो, हे कुणालाही पटावं. भाडेकरू ठेवतानाही घरमालक चार प्रश्न विचारतोच. पण विद्यापीठात आठ-पंधरा दिवसांचे पाहुणे म्हणून जाणारे आई-बाप, किंवा परिषदेत निबंध वाचायला जाणारे प्राध्यापक, यांच्या बाबतीतला नियम मोठा मजेशीर आहे. तो आधी माणूस पाहत नाही, पासपोर्टवरचं देशाचं नाव पाहतो. युरोपातल्या शेंगेन गटाच्या २९ देशांत जपानी, कोरियन किंवा ब्राझीलचा नागरिक बिनव्हिसा उतरतो आणि कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहू शकतो. भारतीयानं मात्र आधी अर्ज करायचा, बोटांचे ठसे द्यायचे, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा काढायचा. अर्जाची फी जून २०२४ पासून ९० युरो. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही.

रावेर तालुक्यातले एक केळी बागायतदार आमचे जुने खातेदार. गाव त्यांना अण्णा म्हणतं. त्यांचा मुलगा युरोपातल्या एका विद्यापीठात शिकला. समारंभाचं पत्र आलं तेव्हा मी निवृत्त झालो होतो, तरी अण्णा फाइल घेऊन घरी आले. अर्जाला सहा महिन्यांचं बँक खातं जोडायचं होतं. आता केळीचा पैसा काही पगारासारखा एक तारखेला येत नाही. मृगबाग कापली की व्यापाऱ्याकडून रक्कम एकदम जमा होते, मग खत, मजुरी, ठिबकचा हप्ता असं करत खातं उतरत जातं, ते पुढच्या कापणीपर्यंत. परक्या देशातल्या कारकुनाला हे कसं कळावं? त्याला दिसतं ते एवढंच, की अर्जाच्या आधी खात्यात एकदम मोठी रक्कम आली. दाखवण्यापुरती उसनी आणली असेल! प्राप्तिकराचं विवरणपत्र मागितलं, तर शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे तेही नाही. शेवटी सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून, नोटरीचा शिक्का मारून जोडलं.

महिन्याभरानं छापील कागद आला. त्यावर एका चौकटीत खूण होती. मुदत संपण्यापूर्वी तुम्ही परत जाल की नाही, याविषयी वाजवी शंका आहे, असा त्या चौकटीचा अर्थ.

"साहेब, बारा हजार खोडं उभी आहेत वावरात," अण्णा म्हणाले. "ती टाकून मी तिथं काय भांडी घासायला राहू?"

काकूंनी मुलासाठी बिबड्यांची पुडी बांधून ठेवली होती. ती दिल्ली-मुंबईच्या वाटेला लागलीच नाही. समारंभात मुलाच्या जपानी मैत्रिणीचे आई-वडील मात्र पहिल्या रांगेत होते. त्यांनी फक्त तिकीट काढलं होतं.

त्याच सुमारास धुळ्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना पहिल्या फटक्यात व्हिसा मिळाला. उत्पन्न अण्णांच्या पावपट नसेल. पण पेन्शन दर महिन्याला जमा होते आणि कागदावर सरळ रेघ दिसते. मी त्या कारकुनाला सरसकट दोष देणार नाही. व्हिसाची मुदत उलटून राहणारे लोक असतात, आणि त्याच्या हाती कागदाशिवाय काही नसतं. आम्हीही कर्ज देताना कागदच पाहत होतो. पण शंका आली की जीप काढून शेतावर जात होतो. वकिलातीला रावेरला यायची सोय नाही.

आज कुणाला खरं वाटणार नाही, पण १९८६ पर्यंत भारतीयाला थोड्या दिवसांसाठी ब्रिटनला जायला आधी व्हिसा काढावा लागत नव्हता. आणि ब्रिटिश नागरिकही भारतात बिनव्हिसा येत असे. दार आधी लावलं ते आपण, १९८४ साली. दोन वर्षांनी त्यांनीही लावलं.

आपल्या घरचे नियमही पाहावेत. १९९० साली जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. तिथल्या परिषदेला जपानी प्राध्यापक यायचा, तर त्यालाही व्हिसा हवा, आणि तोही परिषदेसाठीचा. जळगाव स्टेशनवर उतरून अजिंठा पाहायला येणाऱ्याचा व्हिसा वेगळा. त्याच परिषदेला काठमांडूचा प्राध्यापक मात्र व्हिसाविना येतो. १९५० च्या भारत-नेपाळ करारानं ते दार उघडं ठेवलं आहे. भूतानच्या नागरिकालाही व्हिसा लागत नाही. तोच नेपाळी प्राध्यापक चीनमधून थेट भारतात येणार असेल, तर मात्र त्याला व्हिसा काढावा लागतो! आणि परदेशी पाहुणा घरी उतरवला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. हे हॉटेलवाल्यांना ठाऊक असतं, हौसेनं पाहुणचार करणाऱ्या घरांना बहुधा नसतं.

अण्णांची धाकटी मुलगी आता परदेशी शिकायला जायचं म्हणते. तिनं विद्यापीठांची यादी काढली आहे. ती अभ्यासक्रम पाहते, अण्णा दुसरंच विचारतात: तिथं आम्हाला येता येईल का? यादीत मलेशियातलं एक विद्यापीठ आहे. मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत बिनव्हिसा प्रवेश दिला. ही सवलत मुदतीची असते, वाढवली जाते, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी पुन्हा पाहून घ्या, असं मी त्यांना बजावलं. जाण्याआधीच्या तीन दिवसांत संगणकावर आगमनपत्र भरायचं, परतीचं तिकीट जवळ ठेवायचं, हेही सांगितलं.

अण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"सातबारा लागत नाही ना?" त्यांनी विचारलं.